खिडकीतली पाखरं

“चोच कशी आहे?” म्युरिअलनं विचारलं.

“आखूड. टोकदार.”

“आणि पोट?”

“पिवळं. मधून काळा पट्टा, गळ्यापासून थेट खाली.”

“मग ग्रेट टिट तो. पट्टा रुंद असला तर नर.”

“चांगला रुंद आहे,” क्लिफर्ड म्हणाला आणि त्यानं मांडीवरच्या पुस्तकाचं पान हळूच उलटलं.

खिडकीबाहेर एकही पाखरू नव्हतं. सफरचंदाच्या झाडाला टांगलेल्या जाळीतले शेंगदाणे ओले होऊन काळे पडले होते. कुंपणावर शेजारच्या पॉलीनचा तांबडा बोका पाय पोटाशी घेऊन बसला होता.

या खिडकीशी म्युरिअलनं आयुष्यभर सकाळचा चहा घेतला होता. एकटीनं. तिचा नवरा क्लिफर्ड बस चालवायचा. कधी पहाटेची पाळी, कधी रात्रीची. निवृत्त झाला तेव्हा गॅरेजमध्ये जुने रेडिओ उघडून बसू लागला. ती हाक मारायची, “अरे ये ना, रॉबिन आलाय.” तो आतूनच म्हणायचा, “पाखरू ते पाखरू. त्यात बघायचंय काय?”

मग गेल्या पानगळीत तिच्या डोळ्यांतले मोतीबिंदू इतके दाट झाले, की जाळीवर काय हलतंय तेच तिला कळेना. एका सकाळी ती काचेला कपाळ टेकून उभी असलेली क्लिफर्डला दिसली. ती रडत होती, आवाज न करता. तो आपला कप घेऊन आला, शेजारी खुर्ची ओढली आणि म्हणाला, “मी दिसतं ते सांगतो. तू नाव सांग.”

तेव्हा पाखरं खरंच येत होती. नाताळनंतर पॉलीनच्या घरी बोका आला आणि आठवडाभरात बाग ओस पडली. म्युरिअलची शस्त्रक्रिया तोंडावर आलेली, त्या भीतीनं तिचं जेवणही कमी झालेलं. सकाळच्या त्या अर्ध्या तासात तेवढी ती हसायची. ‘आज कुणी नाही’ हे क्लिफर्डच्या तोंडून निघेना. त्यानं वाचनालयातून पाखरांच्या चित्रांचं पुस्तक आणलं.

शस्त्रक्रिया झाली. आधी एका डोळ्याची, मग दुसऱ्याची.

“उजेड जाणवतोय,” म्युरिअल म्हणाली. “पण धुकं काही हटत नाही रे. वय झालं, दुसरं काय.”

क्लिफर्डला फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी कुठंतरी हायसंही वाटलं. त्या हायसं वाटण्याची त्याला दिवसभर लाज वाटत राहिली.

मार्चमध्ये डॅफोडिल फुलले. दिवस लांबले. आता क्लिफर्डला नवीच धास्ती लागली. हे धुकं कधीतरी हटणार, आणि हटल्यावर तिला काय दिसणार? काळे शेंगदाणे आणि बोका.

तो कुंपणाशी गेला. “पॉलीन, तुझ्या त्या मेजर बोक्याच्या गळ्यात घंटा बांध.”

“घंटा? मेजर काय गाय आहे?”

“म्युरिअलला कुठल्याही दिवशी नीट दिसायला लागेल.”

“मग चांगलंच की!”

“कसलं चांगलं? बागेत दाखवायला एक चिमणी नाही.”

पॉलीन त्याच्याकडे बघत राहिली. “म्हणजे रोज सकाळी तू तिला...” तिनं तोंडावर हात ठेवला. “क्लिफर्ड ॲशबी! एवढा लबाड असशील असं वाटलं नव्हतं.”

“हसू नकोस. घंटा बांध.”

तिनं घंटा बांधली. क्लिफर्डनं जाळी घासून धुतली, सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया आणल्या, पसरट थाळीत पाणी ठेवलं. मेजर घंटा वाजवत यायचा आणि तेच पाणी प्यायचा.

तोवर क्लिफर्डला या उद्योगाची गोडीही लागली होती. पुस्तकातलं एखादं पाखरू त्याला इतकं आवडायचं, की दुसऱ्या दिवशी ते बागेत आणल्यावाचून राहवायचं नाही. एका सकाळी तो म्हणाला, “डोक्यावर तुरा आहे. उघडलेल्या पंख्यासारखा. पाठीवर काळे-पांढरे पट्टे.”

म्युरिअलचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. “हुदहुद?”

“तोच असावा.”

“उष्ण देशातला तो, आपल्या यॉर्कशरमध्ये?”

“उडाला बघ आत्ताच.”

तिनं कप तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते.

“थंडी वाजतेय का गं?”

“थोडीशी,” ती कपातच म्हणाली. क्लिफर्डनं उठून तिच्या खांद्यांवर शाल घातली.

महिनाअखेरीस डोळे दाखवायची तारीख होती. म्युरिअल आत गेली. क्लिफर्ड बाहेरच्या बाकावर टोपी हातात फिरवत बसला. बऱ्याच वेळानं नर्स एकटीच बाहेर आली.

“मिस्टर ॲशबी, त्या कोट घालताहेत, येतीलच. आता परत यायचं काम नाही.”

क्लिफर्ड उभा राहिला. “म्हणजे... आता आणखी काही होणार नाही?”

“आणखी काय व्हायला हवं?” नर्स हसली. “तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचली त्यांनी, घडाघडा. फेब्रुवारीत आल्या होत्या तेव्हाही वाचली होती. सांगितलं नाही का तुम्हाला?”

तेवढ्यात म्युरिअल आली. तिनं हात पुढं करून चाचपत त्याचा दंड शोधला आणि घट्ट धरला. दाराबाहेरच्या पायरीपाशी ती थांबली. क्लिफर्डनं सांगितल्यावरच तिनं पाय खाली टाकला.

दोघं गाडीपाशी आले.

“काय म्हणाली रे नर्स?” म्युरिअलनं विचारलं. तिचा आवाज जरा दबला होता.

क्लिफर्डनं तिच्यासाठी दार उघडलं, ती बसल्यावर तिच्या कोटाची कड आत सारली.

“वेळ लागेल म्हणाली,” तो म्हणाला. “हा वसंत तरी मलाच सांगावा लागणार तुला.”