अर्धा-अर्धा

"पाणी जरा बेताने ओता," विहीणबाईंनी खुर्चीतूनच मला फर्मावलं.

सीमांतपूजन चाललं होतं. नवरदेव चौरंगावर बसला होता, आमचे हे दुखरा गुडघा टेकून परातीत त्याचे पाय धूत होते आणि मी तांब्या धरला होता.

लग्नाच्या बैठकीत ह्याच बाई म्हणाल्या होत्या, "आम्ही जुन्या वळणाचे नाही. खर्च अर्धा-अर्धा." आम्ही हरखलो. मग कळलं, त्यांची माणसं आमच्या तिप्पट, तरी जेवणाचा खर्च अर्धा. मानपान मात्र पूर्ण आमच्या गळ्यात, कारण "ती मुलीकडच्यांची रीतच असते हो." त्यांच्या मावश्या-आत्यांच्या पैठण्यांपासून रुसव्यांपर्यंत सगळं आम्हीच निस्तरलं. लेकीकडे बघून मी गप्प बसले.

उजवा पाय धुऊन झाला. हे कण्हतच डाव्याकडे वळले.

"टाचाही चोळा हं," विहीणबाई म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. ह्यांना दंडाला धरून उठवलं आणि तांब्या विहीणबाईंच्या हातात कोंबला.

"अर्धा-अर्धा ठरलंय ना? उजवा आम्ही धुतला. डावा तुमचा."