चौथं वल्हं

चार वाजायला सात मिनिटं असताना साहेबांचा तिसरा फोन आला.

"टिक केलीस का?"

"सर, गेममधला तो बग अजून तसाच आहे," लेक म्हणाली. "चौथा खेळाडू नावेत चढला की पहिला चढलेला काठावर फेकला जातो. आज सकाळी अकरा वेळा खेळून बघितलं. अकराही वेळा तेच."

"यादीत आहे ना तो?"

"महिनाभर यादीतच आहे."

"मग झालं तर. तारीख जाहीर झालीय, लोक घड्याळ लावून बसलेत. आधी सोडू या बाहेर. काय मोडलंय ते लोकच सांगतात. पंधरा-वीस दिवसांत दुरुस्ती देऊ."

"पण सर, गेमच चौघांचा आहे. तिघांनी ती नाव—"

"हे बघ, तुला जमत नसेल तर टिक मी करतो. पण मग ती मी केली, असं वरच्यांना दिसेल. तूच ठरव."

फोन बंद झाला. गेम बाहेर सोडण्याआधी तो तपासायचा आणि ओके म्हणायचं, एवढंच लेकीचं काम. जेवणाच्या टेबलाची एक कड हे तिचं ऑफिस. तिने पाण्याचा पेला उचलला, न पिताच खाली ठेवला. उठून खिडकी लावली, पुन्हा उघडली. मग बसली आणि पडद्यावरच्या 'तपासलं, ओके' या ओळीपुढच्या रिकाम्या चौकोनात टिक केली. ओळ हिरवी झाली.

"काय गं, सुटलं का तुझं?" आईने आतून विचारलं.

"सुटलं."

आई दारात आली. हातात फोन, मागे चार्जरची वायर लोंबत होती. तयार कपड्यांच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं चेकिंगच्या टेबलावर काढली होती. सदरा उलटा करायचा, शिवणीवरून अंगठा फिरवायचा, टाका सुटलेला दिसला की खडूने फुली मारायची. फुलीचा सदरा खोक्यात घालायची मालकाचीही टाप नव्हती.

"जुना गेम पुसून टाकला की गं यांनी," आई म्हणाली. "नवा घ्या म्हणतायत. आमच्या हिरव्या नावेला काय झालं होतं?"

"नव्यात नदी मोठी आहे, आई."

"नदी मोठी करून काय उपयोग? बायका त्याच." आई हसली. "माझ्या त्या तिघी मैत्रिणी घाबरत होत्या नवं घ्यायला. मी म्हटलं, डोळे मिटून घ्या. माझ्या लेकीने तपासलाय."

लेक काहीतरी बोलणार होती, तोवर आई आत गेलीसुद्धा.

पाच वाजता आईच्या खोलीतून आवाज येऊ लागले. रोजच्याच तिघी. कारखाना बंद पडला तशा चौघी चार गावांना पांगल्या, पण रोज पाच ते सहा गेममधल्या एका नावेत बसायच्या, वल्ही मारत एकमेकींच्या सुनांची चौकशी करायच्या. काजं करणारी काजेवाली, इस्त्रीवाली, आणि कापड बेतणारी मास्तरीण. मास्तरीण सध्या पाय प्लॅस्टरमध्ये घालून पलंगावर होती आणि तिथूनही हुकूम सोडत होती.

"अगं, नदी आहे का समुद्र हा!" काजेवाली म्हणाली.

"समुद्र मागाहून बघ. आधी वल्हं धर."

"अगंबाई, मी काठावर कशी?" हा आईचा आवाज. "मी तर सगळ्यांच्या आधी बसले होते."

पुन्हा चढल्या. या खेपेला मास्तरीण पहिली होती आणि आई शेवटची. मास्तरीण काठावर जाऊन पडली.

"मेले, ढकललंस काय मला?"

"मी कशाला ढकलू? एक पाय मोडलाय तेवढा पुरे की!"

चौघी हसल्या. तिसऱ्यांदाही हसल्या. सातव्या खेपेला कोणी हसलं नाही.

बाहेर लेकीच्या पडद्यावर तक्रारी येऊ लागल्या होत्या. आधी दहा-बारा, मग मोजता येईनात. एकाने लिहिलं होतं, 'बाहेर सोडण्याआधी हा गेम कोणी एकदा तरी खेळून बघितला का?' लेकीने ती ओळ दोनदा वाचली. खुर्ची मागे सरकवली आणि आईच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आई पाठमोरी बसली होती.

"तुझ्या लेकीने तपासलाय ना गं?" इस्त्रीवाली फोनमधून विचारत होती. "मग एवढं ढळढळीत कसं सुटलं तिच्या नजरेतून?"

आईने फोन उलटा केला, मागची बाजू बघितली, कडेवरून अंगठा फिरवला.

"माझाच फोन जुना झालाय," ती म्हणाली. "त्यानेच होत असणार. तुम्ही तिघी बसा. मी थांबते काठावर."

"आणि तुझं वल्हं?"

"मारून तर बघा तिघी."

लेक दारातून पुढे आली. "आई, फोन चांगला आहे तुझा."

आईने फोनच्या तोंडावर तळहात धरला.

"माहितीये मला," ती मागे न बघता म्हणाली, आणि हात काढला.

पडद्यावर तिघी जोर लावत होत्या. एका बाजूला दोन वल्ही, दुसऱ्या बाजूला एक. नाव काठापासून हातभर सरकली आणि तिथल्या तिथे गोल फिरू लागली.

"जातेय का गं?" मास्तरीण धापा टाकत विचारत होती. "तू काठावर आहेस, तुला दिसत असेल. सांग की, जातेय का पुढे?"