आईला सांगायचं नाही

"आईला यातलं काही कळता कामा नये," दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढत हरेश म्हणाला. "ती घाबरली तर प्रेशर वाढेल. आणि प्रेशर वाढलं तर..."

पनवेलच्या टपाल नाक्याजवळच्या त्याच्या टाइल्सच्या दुकानात, मागच्या बाजूला, मीटिंग भरली होती. बायको समीक्षा, बहीण दिपिका आणि चिरनेरहून आलेले काशिराम मामा. खुर्च्या दोनच होत्या. म्हणून मामा कमोडच्या खोक्यावर बसले होते.

हरेशच्या आईचं, कमळाबाईंचं, पोट दुखत होतं. पित्ताचे खडे असतील म्हणून सोनोग्राफी केली. खडे निघाले नाहीत. पण पोटातून खाली जाणारी महाधमनी, अंगातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, एका जागी फुग्यासारखी फुगलेली निघाली. साडेपाच सेंटिमीटर. फुटली तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळत नाही, असं डॉक्टरांनी हरेशला बाजूला घेऊन सांगितलं. पोट उघडून ऑपरेशन करायचं, नाहीतर जांघेतून नळी सरकवून आतून अस्तर बसवायचं. काय ते ठरवा आणि लवकर या.

ठरवायचं म्हटल्यावर घरातल्या प्रत्येकाला मत फुटलं.

समीक्षा म्हणाली, मुंबईला मोठ्या डॉक्टरला दाखवू. दिपिकाला आपटा गावच्या वैद्यांचा गुण यायची खात्री होती. मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"एवढी घाई कशाला? सदुसष्ट वर्सांची बाई हाय. जरा इचार करू."

"किती विचार, मामा?"

"निवांत."

हा निवांत विचार एप्रिलपासून चालला.

मे महिन्यात कमळाबाईंनी माहेरी जायचा हट्ट धरला. हरेशचा जीव वरखाली झाला. शेवटी मामा स्वतः गाडी घेऊन आले. हरेशने त्यांना पनवेल ते चिरनेर रस्त्यावरचे गतिरोधक एकेक करून पाठ म्हणून दाखवले. आठ दिवसांनी आई परतली ती जरा ओढलेली दिसली. "आंबे बाधले," मामा म्हणाले. मग महिनाभर तिने पाण्याचा तांब्यासुद्धा उचलला नाही. हरेशला बरंच वाटलं.

नाहीतरी तिला कोण काय उचलू देणार होतं? दळणाचा डबा समीक्षाने माळ्यावर टाकला होता. घरात आवाज चढवायला बंदी होती, त्यामुळे नवरा-बायकोची भांडणं व्हॉट्सअ‍ॅपवर होऊ लागली. गणपतीत फटाक्यांची माळ गल्लीच्या टोकाला नेऊन लावली. आई शिंकली तरी हरेश तिच्या पोटाकडे बघायचा.

"मना काय झालंय का रं?" तिने एकदा विचारलंच.

"काही नाही गं. वय झालंय, आराम कर."

"मंग ठीक हाय," म्हणत तिने पाय वर घेतले आणि सुनेकडे आणखी अर्धा कप चहा मागितला.

मीटिंगा चालूच होत्या. श्रावण संपू दे, मामा म्हणाले. मग म्हणाले, पितृपक्षात कोण दवाखान्यात जातं? मग नवरात्र आडवं आलं. निर्णय तोंडाशी आला की मामांना एक नवीन सण आठवायचा. हरेशला पहिल्यांदाच या माणसाचा राग येऊ लागला. सख्खी बहीण, आणि याला काही वाटत नाही!

दसऱ्याला आपट्याची पानं वाटून झाल्यावर कमळाबाईंनी पाच वर्षांच्या नातीला, रेवाला, उचललं आणि तिला कडेवर घेऊन दोन गिरक्या मारल्या. हरेश खालीच बसला. घाम पुसला आणि उठला तो ठरवूनच.

"शुक्रवारी सर्जनकडे न्यायचं. पनवेलमधला सगळ्यात चांगला शोधलाय मी."

"दिवाली तरी..." मामांनी सुरुवात केली.

"मामा, पुरे!"

आईला त्याने सांगितलं, की फुल बॉडी चेकअपची स्कीम आली आहे.

"कोनच्या दवाखान्यात?"

त्याने नाव सांगितलं. तिने चहाचा कप खाली ठेवला. "बरं. काशिरामला पन घे संगती."

शुक्रवारी दवाखान्याच्या बाकावर हरेशने आईचा हात हातात धरला. गाडीत दहादा घोकलेलं वाक्य त्याने पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं. शेजारी मामा भिंतीवरचा हृदयाचा तक्ता अगदी मन लावून वाचत होते.

"आई, मी काय सांगतो ते शांतपणे ऐक. तुला एक छोटंसं..."

"कमळाबाई!" आतून हाक आली.

ती हात सोडवून तरातरा आत गेली. पाठोपाठ बाकीचे. सर्जननी मान वर केली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अरे, कमळाबाई! तुमची सहा महिन्यांची तपासणी तर पुढच्या महिन्यात आहे. आणि हे कोण, मामा? मे महिन्यात ऑपरेशनच्या कागदावर सही करताना पेशंटपेक्षा यांचेच हात थरथरत होते."

मामांनी टोपी काढली आणि ते तिच्या आत बघत राहिले. हरेश दारातच उभा होता. तोंड उघडं, डोळे पांढरे.

डॉक्टर झटकन उठले आणि त्यांनी त्याला धरून खुर्चीत बसवलं.

"तुम्हीच हरेश ना? पाणी घ्या. बाईंनी मला बजावून ठेवलं होतं, की मुलाला यातलं काही कळता कामा नये. फार भित्रा आहे, प्रेशर वाढेल त्याचं."