विमान कुणीकडे जात होतं

जुन्या टेपा तपासून देणारं यंत्र आता रेडिओच्या दुकानातही आलं होतं. आवाजामागची रेडिओलहर मोजून बोलणाऱ्या वैमानिकाचं विमान जवळ येत होतं की लांब जात होतं हे सांगे. रेगे सुलभावहिनींना घेऊन तिथे आले.

टेप एकतीस वर्षांपूर्वीची. रेगे तेव्हा किनाऱ्यावरच्या एका विमानतळावर नियंत्रक होते. वादळ पाहून त्यांनी वहिनींच्या नवऱ्याला, वैमानिक अच्युतला, समुद्रावरून परत फिरायला सांगितलं होतं.

"ते कुणाचं ऐकणार? अडेलतट्टू माणूस!" वहिनी म्हणाल्या.

टेपवर अच्युतचं शेवटचं वाक्य आलं, "रेगे, ढग फार आहेत रे." पडद्यावरची रेघ वर चढली.

"वारंवारता वाढलीय," रेगे म्हणाले. "विमान आपल्याकडे येत होतं."

"म्हणजे ऐकलं त्यांनी तुमचं!" वहिनी डोळे पुसत हसल्या. "इतकी वर्षं उगाच शिव्या घातल्या मी."

रेग्यांना तिथून उठून जावंसं वाटलं.

"वहिनी, तो ऐकणार नाही, पुढेच गेला असेल, असं मीच शोधपथकाला सांगितलं होतं. बोटी नऊ दिवस पुढेच शोधत राहिल्या."

वहिनींचं हसू थांबलं.

"भावजी, त्यांच्याजवळ लाइफ जॅकेट होतं ना?"

"होतं," रेगे म्हणाले.