आईचं नाव

फादर सायमन रुमाव यांना कानामागच्या यंत्रामुळेच अजून चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे रोजची उपासना, अर्पण करता येत होती. विस्मरणाने पोखरलेल्या त्यांच्या मेंदूसाठी ते यंत्र आठवणी सांभाळून ठेवी, आणि त्यांनी ऐकलेला शब्द न् शब्द इस्पितळात पोचवी. म्हणून पापनिवेदन ऐकताना फादर ते बंद करत. काही मिनिटं मेंदू कसाबसा तग धरी. पण दर खेपेला एखादी आठवण कायमची जाई.

त्या शनिवारी पापनिवेदनाच्या जाळीपलीकडे डॉक्टर प्रेसिला गुडघे टेकून बसली. यंत्र तिनेच बसवलं होतं.

"फादर, चालू राहू द्या," ती म्हणाली. "इस्पितळात ऐकलं तरी मला चालेल."

"मला नाही चालणार, बाळा. इथलं बोलणं तुझं आणि देवाचं."

"मग ते काढूनच टाकते. असं बंद करून आठवणीच घालवणार असाल, तर त्याचा उपयोग काय?"

"कशाला? तुझी विद्याही देवाचीच देणगी आहे. तिच्यामुळे मी या खुर्चीत बसतो."

तिला उठून जायचं होतं. पण तीन महिने मनात दाबून ठेवलेलं पाप तिला उठू देईना. फादरनी बटण दाबून यंत्र बंद केलं. ती रडत बोलली, आणि त्यांनी तिला क्षमा दिली.

यंत्र सुरू झाल्यावर तिने डॉक्टर म्हणून विचारलं, "फादर, तुमच्या आईचं नाव?"



"सकाळी मिस्सेत तिच्यासाठी प्रार्थना केली होती," ते म्हणाले. "तेव्हा आठवत होतं."

बाहेर बाकावर अजून चार माणसं थांबली होती. फादरनी पुढच्याला आत बोलावलं.