अज्ञात वाटाड्या स्मृती पदक

"गळ्यात घाला, बाई," मागून कोणीतरी कुजबुजले.

अनुसयाबाई पदक हातात घेऊन तशीच उभी राहिली. हिंगोलीच्या त्या सभागृहात समोर शेदीडशे विद्वान बसले होते आणि पुढ्यात डॉ. सोमेश्वर कानडखेडकर मान तुकवून उभे होते. इतकी नम्र मान तिने फक्त लोकर कातरताना मेंढरांची पाहिली होती.

भूशोध मंडळाने हे पदक यंदाच स्थापन केले होते, तीन वर्षांपूर्वीच्या मोहिमेच्या स्मरणार्थ. औंढ्याच्या डोंगरात झाडोऱ्याखाली बुजलेली एक प्राचीन बारव तेव्हा मंडळाला सापडली. म्हणजे तिची वाट एका मेंढपाळाने दाखवली, पायऱ्यांवरून आधी तोच उतरला, आणि पायऱ्या ढासळल्या तेव्हा काठावर उभे राहून त्यांची मोजमापे लिहून घेणारे डॉ. कानडखेडकर होते. अहवालही त्यांचाच. त्यानुसार वाटाड्याचा मृत्यू तत्क्षणी झाला. कोरीव शिल्पांना धोका नको म्हणून ढिगारा उपसण्याचे काम त्याच दुपारी थांबवण्यात आले. देह वर आला नाही. शिल्पे सुखरूप आहेत.

त्या दुपारी बारवेच्या काठावर डॉक्टरांनी वही उघडून अनुसयाबाईला नवऱ्याचे नाव विचारले होते. तिने तोंडाला पदर लावला आणि नुसती मान हलवली. पोलिसांच्या पंचनाम्यात नाव होते. परंतु पंचनामे वाचण्याची विद्वानांत परंपरा नाही. वहीत 'अज्ञात' असे लिहिले गेले, आणि पुढे मंडळाला त्या शब्दाची गोडीच लागली. ज्ञानासाठी देह ठेवणारा निनावी वाटाड्या. त्याच्या नावाने, म्हणजे खरे तर नाव नसण्याच्या नावाने, पदक देण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. पहिला मानकरी निवडताना डॉ. कानडखेडकर शिष्टाचार म्हणून व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. त्यांना फार वेळ उभे राहावे लागले नाही.

निमंत्रणपत्रिकेवर 'अज्ञात वाटाड्याच्या पत्नीच्या शुभहस्ते' असे छापले होते. छापणाऱ्याला, तपासणाऱ्याला, वाचणाऱ्याला त्यात काही वावगे दिसले नाही. दिसले ते अनुसयाबाईच्या लेकीला, सुकन्येला. आदल्या दिवशी आईला पत्रिका वाचून दाखवता दाखवता ती थांबली होती.

"आबाचं नाव कुठंच न्हाई, माय. मी उभी राहून सांगते उद्या."

"तू गप ऱ्हा. ते माजं काम हाय."

"तू घेशील त्यांचं नाव? जन्मात घेतलं न्हाईस. पुकारा करायचा तर 'अवं, ऐकलं का' करून गावभर फिरायचीस."

अनुसयाबाई त्यावर हसली नाही.

आता तिने पदक उलटेपालटे करून पाहिले. अक्षर तिला येत नव्हते. जे लिहायचे राहिले ते मात्र तिला ठाऊक होते.

"साहेब, ह्याच्यावर नाव घाला," ती म्हणाली. मग थांबली. ओठ हलले, मिटले, पुन्हा उघडले. "रखमाजी सोनाजी कोकरे."

माइक सुरूच होता. नाव सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेले. उचलून आणलेले काहीतरी अखेर जमिनीवर ठेवावे, तसा तिचा आवाज खाली बसला.

डॉक्टरांनी मान वर केली आणि माइकवर हात ठेवला. "बाई, या पदकाचं सगळं तेज 'अज्ञात' या शब्दातच आहे. शिवाय साचा तयार झालाय. आता बदलता येणार नाही." मग अभ्यासकाच्या जुन्या सवयीने त्यांनी विचारले, "पण त्या दिवशी मी विचारलं होतं ना तुम्हाला? तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तवा आतून हाक येऊन राहिली हुती. मी तुमाला सांगितलं, तर तुमी म्हनले, बारव घुमते, बाई." तिने पदक त्यांच्या हातात ठेवले. "बायकोनं नाव घेतलं का नवऱ्याचं आयुष्य घटतं, साहेब. ते जिते हुते. मग कसं घेऊ?"