मागच्या दोन खोल्या

"तो उंबरा काढून टाका," ती गवंड्याला म्हणाली. "म्हातारं माणूस अडखळून पडायचं."

गवंडी हसला. "सासूबाईंसाठी इतका जीव टाकणारी सून पहिल्यांदाच बघतोय."

तीही हसली. खरं तर दोघींचं कधीच पटलं नव्हतं. कडाक्याचं भांडण करून सासूबाई थोरल्या मुलाकडे निघून गेल्या, त्याला बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं; दगडी कमानींच्या, रंगीत काचांच्या त्या जुन्या घरात नवरा-बायको दोघंच उरली होती. छप्पर गळायचं, भिंतींना ओल यायची. ती सांगून सांगून थकली होती.

मग एका सकाळी चहा पिता पिता नवराच म्हणाला, "पुढचं घर नीट करून घेऊ. मागे दोन खोल्या वाढवू. वेगळं स्वयंपाकघर, वेगळी न्हाणी. आई राहायला येतेय."

"वेगळं कशाला? जुळवून घेऊ आम्ही."

"असू दे गं. ज्याला त्याला मोकळीक बरी." कप खाली ठेवत तो म्हणाला, "खोल्या मात्र तू तुझ्या मनासारख्या कर. तुला स्वतःला राहावंसं वाटेल अशा."

इतक्या वर्षांत त्यानं तिच्या मनाचा असा विचार कधी केला नव्हता. तिनं पदर खोचला. जुन्या दगडाशी जुळणारा दगड मिळावा म्हणून खाणी पालथ्या घातल्या, निळ्या काचेसाठी भंगारवाल्यांचे उंबरे झिजवले. नवी कमान जुन्या कमानीची सख्खी बहीण दिसायला लागली, तोवर तिच्या मनातला सासूबाईंवरचा रागही निवला होता.

काम संपलं आणि सासूबाई आल्या. नवरा काही कामासाठी बाहेर गेला होता. तिनंच त्यांची बॅग उचलली आणि हाताला धरून त्यांना मागे नेलं.

सासूबाईंनी कमानीवरून हात फिरवला. "फार सुंदर झालंय. पण माझी बॅग इकडे का आणलीस?"

"तुमच्याच तर खोल्या या, आई."

सासूबाई पलंगावर टेकल्या. त्यांनी बॅग स्वतःच्या पायाशी ओढून घेतली.

"त्यानं तुला अजून सांगितलंच नाही?"

"काय?"

"या खोल्या तुझ्यासाठी आहेत, पोरी."

पुढच्या दाराशी गाडी थांबली. दारं उघडल्याचा, सामान उतरवल्याचा आवाज आला. एका बाईचं हसू ऐकू आलं आणि मग एका लहान मुलाचा आवाज.

"बाबा, हेच का आपलं घर?"